आठवा नमुना

सोमवार, ३ मार्च

जे घडलं ते आधी क्रमाने.

१. सकाळी ९.१० ला नमुना क्रमांक २१७ प्रयोगशाळेच्या खिडकीत आला.
२. कपाचं तापमान चौतीस अंश. म्हणजे लघवी ताजी, खिशातून आणलेली नाही. स्वच्छतागृहाच्या दारात आमचे शिपाई मामा उभे होते. त्यांची सही आहे.
३. ९.१४ ला पट्टी बुडवली, पाच मिनिटांनी वाचली.
४. पट्टीवर पाच जागा असतात. चार ठिकाणी रेघ ठळक. पाचव्या ठिकाणी, जिथे अफूच्या जातीची नशा कळते तिथे, रेघ फिकट.
५. या पट्टीवर रेघ उमटली तर नमुना स्वच्छ. उमटलीच नाही तर नशा. फिकट रेघ ही रेघच धरायची. माहितीपत्रकात तसं छापलेलं आहे आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी मीच ते शिकवते.
६. शंका वाटली तर क्रमांक न सांगता पट्टी दुसऱ्याला दाखवायची असते. सिस्टर गोळ्या देण्यात गुंतल्या होत्या. मी दाखवली नाही.
७. ९.२१ ला मी नोंदवहीत ‘नशा आढळली’ असं लिहिलं.
८. २१७ हा माझा सख्खा मोठा भाऊ आहे.
९. दवाखान्यात हे कुणालाही माहीत नाही.

आमच्या विभागात कुणी भरती होत नाही. माणसं सकाळी येतात, सिस्टरांसमोर जिभेखाली गोळी ठेवतात, ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं बाकावर तोंड मिटून बसतात, मग तोंड उघडून दाखवतात आणि आपापल्या कामाला जातात. रोज. रविवारीसुद्धा. आठ आठवड्यांचे आठ नमुने सलग स्वच्छ निघाले तर सहा-सहा दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला मिळतात.

दादाचा हा आठवा होता. पुढच्या सोमवारी त्याचे जुने मिस्त्री परगावी निघालेत. नव्या इमारतीत चार लिफ्ट बसवायच्या आहेत, पाच महिन्यांचं काम. दादाला परत घ्यायला ते तयार झालेत. गोळ्या सोबत मिळाल्या तर तो जाईल, दर सातव्या दिवशी येऊन पुढच्या नेईल. नाहीतर त्याला रोज सकाळी इथल्या बाकावर बसावं लागेल आणि मिस्त्री दुसरा माणूस घेतील.

नमुना दुसऱ्या कुणाचा असता तर मी ‘स्वच्छ’ लिहून पुढचा कप ओढला असता. पण पट्टी हातात असताना माझ्या लक्षात आलं की मला ती रेघ हवी आहे. इतकी हवी आहे की नसती तरी दिसली असती. मोजणाऱ्याची इच्छा मिसळली की मोजमाप बाद होतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. म्हणून मी माझी इच्छा वजा केली. किती वजा करायची हे ठरवलं नव्हतं.

याआधी तीन वेळा मी आईला छातीठोकपणे सांगितलं होतं की तो आता घेत नाही. तिन्ही वेळा तोंडावर पडले.

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरांची खोली माझ्या खिडकीच्या अगदी समोर आहे. त्यांचं दार पावसाळ्यात फुगलं तेव्हापासून नीट लागत नाही. त्यामुळे नको ते सगळं ऐकू येतं.

“आठवा नमुना खराब निघालाय,” डॉक्टर म्हणाल्या.

“निघणार नाही.”

“निघालाय. हा बघ कागद.”

“मग कागद पुन्हा बघा ना डॉक्टर. मी सात वेळा स्वच्छ निघालोय.”

“नियम आठचा आहे.”

“सोमवारी मला जायचंय.”

“माहीत आहे मला. उरलेला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येईल. त्यांना दोन आठवडे लागतात. तोपर्यंत मोजणी शून्यापासून.”

बाहेर येऊन तो माझ्या खिडकीशी उभा राहिला. दवाखान्यात तो मला मॅडम म्हणतो. तसं ठरलंय आमचं. घरी मी ‘धाकटे’.

“मॅडम, नमुना शिल्लक आहे ना?”

“आहे.”

“पाठवून द्या. झाकण घट्ट लावा बरं का, सांडेल.”

बाकावरचा रंगारी नुकताच गोळी संपवून उठला होता. त्याला दहा मिनिटांची गप्प बसण्याची शिक्षा संपली की कुणाला तरी टोमणा मारायचाच असतो. “अरे, थर्मामीटरने आजवर काही सांडलंय का?” तो म्हणाला. “सांडलं तर ते मोजून घेईल ती.” कपाचं तापमान घेते म्हणून इथे सगळे मला थर्मामीटर म्हणतात. पाठीमागे. रंगारी तोंडावर म्हणतो.

दादा हसला नाही. मी ११.३० ला नमुना सीलबंद करून पाठवला.

बुधवार, ५ मार्च

आईकडे जेवायला गेले. आई दादाच्या कामाच्या पँटला गुडघ्यावर दुहेरी कापड लावत होती. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसून काम करावं लागतं, कापड आधी तिथेच फाटतं.

“त्याचा फोन आला होता,” ती मान वर न करता म्हणाली. “खराब निघालं म्हणे.”

“हो.”

“तू तिथेच असतेस. तुला दिसलं असेल की.”

“दिसतं ते मी लिहिते.”

“आणि दिसत नाही ते?”

“ते लिहायचं नसतं, आई.”

“बाई गं, तुझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीत टाचणी टोचायची. मी एवढंच विचारतेय, त्याने घेतलंय का?”

मी म्हटलं, रिपोर्ट आल्यावर कळेल. हे उत्तर बरोबर होतं. आईने दोरा दातांनी तोडला आणि दुसरा गुडघा शिवायला घेतला. तो जाणार नाही हे तिला माहीत होतं, तरी शिवत होती. मी तसं म्हटलंही. जेवताना मला तिने दोनदा वाढलं, मी नको म्हणत असताना.

शुक्रवार, ७ मार्च

दवाखान्याच्या मागच्या जिन्यात दादा भेटला. तिथे रिकामे सिलिंडर ठेवतात, सहसा कुणी येत नाही. तो तिसऱ्या पायरीवर बसला होता, एका हाताने कंबर दाबत. सहा वर्षांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पडला तेव्हापासून त्याची ती सवय. वेदनेच्या गोळ्या तेव्हा सुरू झाल्या आणि गोळ्यांवरून पुढे पावडर.

“धाकटे, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“रेघ होती?”

तो पाच महिने इथे येतोय. पट्टी कशी वाचतात हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

“फिकट होती,” मी म्हटलं.

“म्हणजे होती.”

“फिकट होती, दादा.”

तो बराच वेळ सिलिंडरच्या झाकणावर बोट फिरवत राहिला. मला वाटलं आता आवाज चढवेल, सरळ डॉक्टरांकडे जाईल. माझ्याकडे उत्तरं तयार होती. तो म्हणाला, “डॉक्टरांना सांगायला गेलं तर पहिला प्रश्न येईल, तुला हे कुणी सांगितलं. मग तू माझी कोण. मग फॉर्म.”

“हो.”

“मग जाऊ दे. तुझी नोकरी राहू दे.” उठताना त्याने माझ्या एप्रनच्या खिशातलं पेन सरळ केलं. “गळतंय बघ. शाई लागेल.”

मी वर येऊन विचार केला. निर्दोष माणूस भांडतो. तो भांडला नाही. एवढ्या लवकर माघार घेणं मला संशयास्पद वाटतं. नोंद करून ठेवते.

रविवार, ९ मार्च

फॉर्मबद्दल. चौदा महिन्यांपूर्वी नोकरीला लागताना एक रकाना होता: आपले कुणी नातेवाईक या विभागात उपचार घेत आहेत का? मी ‘नाही’ लिहिलं. तेव्हा ते खरं होतं. खाली लिहिलं होतं, बदल झाल्यास सात दिवसांत कळवावे. ऑक्टोबरमध्ये दादा आला. मी कळवलं असतं तर मला दुसऱ्या विभागात हलवलं असतं आणि त्याचे नमुने दुसऱ्याने तपासले असते. मला वाटलं, माझ्याइतकं काटेकोर दुसरं कुणी तपासणार नाही. आमचं आडनाव या शहरात गल्लीगल्लीत आहे, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

आता दोन पर्याय आहेत. उद्या सकाळी डॉक्टरांना सगळं सांगायचं. किंवा रिपोर्टची वाट बघायची.

पहिल्या पर्यायात माझ्याकडे पुरावा नाही. पट्टी पाच मिनिटांनंतर वाचलेली चालत नाही, ती मी त्याच दिवशी नियमाप्रमाणे टाकून दिली. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणणं म्हणजे पुन्हा इच्छेवर लिहिणं. शिवाय रिपोर्टमध्ये नशा निघाली तर मी त्याच्यासाठी खोटं बोलले असं होईल, चौथ्यांदा.

दुसरा पर्याय शास्त्रशुद्ध आहे.

सोमवार, १० मार्च

मिस्त्री सकाळच्या बसने गेले. दादा ९.०५ ला आला, गोळी घेतली, बसला, गेला. रिपोर्ट नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज बाकावर सात जण होते. सगळे तोंड मिटून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मामा म्हणतात, वर्गात मुलं इतकी शांत बसली असती तर आमच्या मास्तरांनी शाळा सोडलीच नसती. मास्तर म्हणजे आमचे समुपदेशक. आधी शाळेत होते. प्रतीक्षायादी त्यांच्याकडे असते.

रंगाऱ्याने तोंड उघडून दाखवलं आणि लगेच सुरू झाला. “काय रे लिफ्टवाल्या, तू वर जाणार होतास ना?”

दादाची गोळी अजून विरघळत होती. त्याने बोटाने ‘थांब’ अशी खूण केली. चार मिनिटांनी सिस्टरांना तोंड दाखवलं आणि मग शांतपणे म्हणाला, “वरचा मजला बंद आहे. थर्मामीटरला विचार.”

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

जाताना खिडकीत वाकला. “मॅडम, रिपोर्ट?”

“आला नाही.”

“फोन करून विचारता येतं का त्यांना?”

“ते फोनवर सांगत नाहीत.”

“बरं,” तो म्हणाला. “बरं मग.”

खरं म्हणजे तातडीची विनंती करता येते. डॉक्टरांची सही लागते आणि कारण लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी फॉर्म घेतला नाही.

बुधवार, १२ मार्च

२१७ आला नाही.

गुरुवार, १३ मार्च

आला नाही. सिस्टरांनी दोनदा फोन लावला. बंद. मी दुपारी स्वच्छतागृहात जाऊन चार वेळा लावला. बंद.

शुक्रवार, १४ मार्च

तिसरा दिवस. तीन दिवस चुकले की आधीचा डोस रद्द होतो, पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. सात दिवस चुकले की नाव कमी होतं आणि जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाते. मास्तर दुपारी यादी घेऊन सिस्टरांशी बोलत होते.

“त्रेचाळीस जण झालेत. ही २१७ ची जागा मोकळी होणार बहुतेक.”

“थांबा हो जरा,” सिस्टर म्हणाल्या. “चांगला मुलगा आहे. मला रोज विचारायचा, सिस्टर, पाय दुखतात का. तुम्ही विचारलंत कधी?”

“मी विचारलं तर तुम्ही म्हणाल मास्तर हल्ली फार गोड बोलतात.”

“आधी बोलून तर बघा.”

मी अकरा नमुने तपासले. दोनदा तेच पान लिहिलं. हे पूर्वी झालेलं नाही.

शनिवार, १५ मार्च

कामावरून दादाच्या खोलीवर गेले. शिंप्याच्या दुकानावर एक खोली, बाहेरून लोखंडी जिना. दाराला कुलूप नव्हतं, कडी होती. पाच महिन्यांत मी एकदाही आले नव्हते. कुणी बघितलं असतं तर प्रश्न आले असते.

आत: पलंग, चादर चारी बाजूंनी खोचलेली. खिडकीत एक स्टीलचा पेला, पालथा. भिंतीवर दवाखान्याचं कार्ड, त्यावर माझ्याच अक्षरातल्या सात तारखा. आठव्या चौकोनात त्याने स्वतः पेन्सिलीने ३ मार्च लिहून ठेवलं होतं. ते खोडलं नव्हतं. हत्यारांची पेटी ज्या कोपऱ्यात असावी तिथे धुळीत चौकोन. मी सगळीकडे शोधलं. गादीखाली, पंख्यावर, पेल्यात, चपलेच्या तळव्यात. कुठे शोधायचं ते मला माहीत आहे, पूर्वी आईच्या घरी शोधलेलं आहे. सुई, पन्नी, पुडी, काहीही सापडलं नाही.

ही नोंद मी तीनदा वाचली. काहीही सापडलं नाही.

शिंपी खाली काज करत होते.

“तुम्ही कोण त्याच्या?”

“बहीण,” मी म्हटलं. हा शब्द मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने उच्चारला.

“मग तुम्हाला ठाऊक असेल की. बुधवारी पहाटेच्या बसने गेला, त्या मिस्त्रींकडे. मी विचारलं, अरे तुझ्या औषधाचं काय? म्हणाला, काका, माणूस दात काढून घेतो तेव्हा दोन-तीन दिवस काढतोच ना, तसं काढीन. आणि परत आलो तर मला ओरडा.” शिंप्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. “मी म्हटलं, येऊच नकोस. गमतीत म्हटलं हो.”

गोळीशिवाय दोन-तीन दिवसांनी त्रास सुरू होतो. संपत नाही. हे त्याला पाच महिने रोज समोर बसणाऱ्या बहिणीने कधी नीट समजावून सांगितलं नव्हतं. ते समुपदेशकाचं काम आहे.

सोमवार, १७ मार्च

मिस्त्रींचा नंबर आईकडे होता. मी दुपारच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून फोन केला.

“बहीण का? बरं झालं बाई तुम्ही फोन केलात. अहो, बुधवारी दारात उभा. दुसरा माणूस घेतला होता मी, तरी म्हटलं ये. दोन दिवस वाघासारखं काम केलं. रूळ इतके सरळ लावले की ओळंबा लाजेल. आणि शुक्रवारी सकाळी बघतो तर घाम, जांभया, नाक गळतंय, पाय एका जागी राहीनात. मी म्हटलं, गोळी घे तुझी. तर म्हणतो, येणार आहेत. बहीण पाठवणार आहे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पाठवल्या होत्या का तुम्ही?”

“नाही.”

“मग तसं का म्हणाला तो?” ते म्हणाले. “हे बघा, नवव्या मजल्यावरचा उघडा खड्डा आहे. थरथरता माणूस मी कसा उतरवू? एकदा पडलाय तो माझ्यासमोर. मी म्हटलं, खाली बस, दुपारी बोलू. दुपारी बघतो तर पेटी इथेच आणि हा गेलेला. काल आमच्या वायरमनला बस आगाराच्या बाकावर दिसला म्हणे. हाक मारली तर ओळख दिली नाही.”

“पेटी तुमच्याकडे आहे?”

“आहे. हत्यारं सोडून हा कधी कुठे जात नाही, बाई. म्हणून मला काळजी.”

रात्री मी आईला फक्त एवढं सांगितलं की तो मिस्त्रींकडे गेला होता. आईने विचारलं, पँट नेली का? मी म्हटलं, पँट दिसली नाही, म्हणजे नेली असेल. तिला बरं वाटलं.

मंगळवार, १८ मार्च

सातवा दिवस.

बुधवार, १९ मार्च

१०.४० ला टपाल आलं. नमुना क्रमांक २१७. तपासलेली द्रव्यं अठरा. आमची गोळी सोडून एकही आढळलं नाही. मर्यादेच्या खाली किंवा जवळपास असंही काही नाही. अजिबात काही नाही.

मास्तरांनी ९ वाजताच नाव कमी केलं होतं.

मी लिफाफा आणि माझी नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे गेले. दार ओढून घेतलं, ते लागलं नाही. पहिल्या दिवशी लिहिलेले नऊ मुद्दे मी त्याच क्रमाने सांगितले. आठव्याला डॉक्टरांनी चष्मा काढला.

“सख्खा?”

“हो.”

“आणि फिकट रेघ तुम्ही वाचता येत नाही म्हणून खराब लिहिलीत?”

“वाचता येत होती. माझा कल त्याच्या बाजूने असेल म्हणून मी विरुद्ध बाजूला लिहिलं.”

त्या म्हणाल्या, “पट्टी चुकते. माणूस चुकतो. त्यासाठीच तर दुसरी तपासणी असते. मला हे सांगा, तुम्ही मंगळवारी माझ्याकडे का आला नाहीत? चार तारखेला? तो या खुर्चीत बसला होता.”

“माझ्याकडे पुरावा नव्हता.”

“मी पुरावा मागितला असता का? चौदा महिन्यांत तुमची एक नोंद मला कधी तपासावी लागली नाही. रेघ होती एवढं म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी गोळ्या हातात दिल्या असत्या. तुमचा शब्द पुरला असता.”

हा पर्याय मी नऊ तारखेच्या नोंदीत विचारात घेतला नव्हता. ते पान मी आत्ता पुन्हा पाहिलं. तिथे दोनच पर्याय आहेत.

डॉक्टरांनी प्रयोगशाळेची किल्ली मागितली. मी दिली. चौकशी होईल. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी म्हटलं, “त्याची जागा?”

“त्रेचाळीस जण थांबलेत. त्यांनाही बहिणी आहेत.” त्यांनी मास्तरांना हाक मारली, यादी मागवली, बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. “शनिवारी अकरा वाजेपर्यंत. त्यानंतर मी कुणाला तोंड दाखवू शकणार नाही. कुठे आहे तो?”

“माहीत नाही.”

बाहेर बाक रिकामा होता. सिस्टर ट्रे पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, दार तसंच आहे. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, “लहानपणापासून असाच आहे का गं तो? सगळ्यांची विचारपूस करणारा?”

मी हो म्हटलं. मग मला आठवून बघावं लागलं. हो.

गुरुवार, २० मार्च

आज आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “तुला बाळपणी ताप आला तर हा शाळेत जायचा नाही. तुझ्या उशाशी बसायचा. बाबा मारायचे तरी.” मग म्हणाली, “जा आता. इथे बसू नकोस.”

दुपारच्या बसने जाते आहे. आगारात, मिस्त्रींकडे आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात विचारेन. तो सापडेल अशी शक्यता मी कमी धरते. म्हणून एक पत्र तीन प्रतींत लिहिलं आहे: एक मिस्त्रींकडे पेटीत, एक आगाराच्या चौकशी खिडकीवर, एक इथे शिंप्यांकडे. प्रत उतरवून ठेवते.

दादा,

तुझा फोन बंद आहे म्हणून लिहिते आहे.

तीन तारखेचा तुझा नमुना स्वच्छ होता. मोठ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला आहे. रेघ होती. मी चुकीचं लिहिलं. ते मी डॉक्टरांना काल सांगितलं आणि मी तुझी बहीण आहे हेही सांगितलं. हे मी चार तारखेला सांगायला हवं होतं. तू जिन्यात माझ्यासाठी गप्प बसलास हे मला तेव्हा कळलं नाही. आता माझ्या नोकरीचा विचार करू नकोस, तो प्रश्न संपला आहे.

एक गोष्ट नीट वाच. तू परत काही घेतलं असशील तर मी विचारणार नाही. पण इतक्या महिन्यांत अंगाची सवय उतरलेली आहे. पूर्वीइतकं घेतलंस तर श्वास बंद पडेल. एकटा असताना घेऊ नकोस. त्रास असह्य झाला तर तिथल्या सरकारी दवाखान्यात जा आणि आमच्या दवाखान्याचं नाव सांग. मी त्यांना कळवून ठेवते आहे.

गोळी पुन्हा खालच्या डोसपासून सुरू होईल. नमुने मी तपासणार नाही, दुसरा माणूस तपासेल. घरी न्यायच्या गोळ्यांसाठी तुझे आठही नमुने धरायचं डॉक्टरांनी मान्य केलं आहे. मिस्त्रींना मी विचारलं, ते म्हणाले, आधी बरा होऊन येऊ दे.

आई बरी आहे. तुला काही विचारणार नाही.

तुझी जागा शनिवार, २२ मार्च, सकाळी अकरापर्यंत राखलेली आहे. त्यानंतर ती दुसऱ्याला जाईल आणि मला ती थांबवता येणार नाही. तू येऊ शकत नसशील तर मी येऊन घेऊन जाईन, कुठे ते सांग. कुणाच्याही फोनवरून, एका शब्दात सांगितलंस तरी चालेल.

कृपया शुक्रवार, २१ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत कळव.

धाकटी